मासिक सभेला जाताय? आधी प्रोसिडिंग वाचा, मग सही करा

नव्यानं निवडून आलेल्या ताईंनो, ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचं दडपण घेऊ नका. मी सदस्य म्हणून तिथे बसलेली आहे. कामकाज ठरलेल्या क्रमानंच चालतं, पण आपण लक्ष घातलं नाही तर ते आपल्याला वगळून उरकलं जातं.

साध्या सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी मिळायला हवी. शिपाई अजेंडा आणून सही मागेल, तेव्हा सहीखाली तारीख स्वतः घाला. आपला विषय असेल तर त्याआधीच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ‘ऐनवेळच्या विषयां’वर विसंबू नका, तोवर निम्मी मंडळी उठून गेलेली असतात.

सभेला स्वतःच जा. मालकांना किंवा दिरांना पाठवायचं नाही. लोकांनी मत तुम्हाला दिलंय.

कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, निम्म्या सदस्यांचा. सुरुवातीला मागच्या सभेचं इतिवृत्त, म्हणजेच प्रोसिडिंग, वाचून कायम करतात. ‘वाचलं असं समजा’ कुणी म्हणालं तर सचिवांना शांतपणे सांगा, “भाऊसाहेब, वाचून दाखवा.” मग जमाखर्च येतो. नुसती बेरीज ऐकू नका, मोठ्या खर्चाचं बिल नि पावती बघायला मागा. वित्त आयोगाच्या निधीचा विषय निघाला की बंधित निधी किती, अबंधित किती, हे विचारा. बंधित पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो, तो रस्त्याला वळवता येत नाही.

खरी मेख ठरावाच्या शब्दांत असते. ‘हातपंपाबाबत चर्चा झाली’ एवढंच लिहिलं तर पंप तसाच बंद राहतो आणि बायका लांबून हंडे वाहत राहतात. ठरावात असं यायला हवं: ‘शाळेमागील हातपंप पंधरा दिवसांत दुरुस्त करावा, खर्च पाणीपुरवठा निधीतून करावा.’ खाली सूचक आणि अनुमोदकाचं नाव. तुम्ही विरोध केला असेल तर तोही नावानिशी लिहून घ्या.

हजेरीची सही वेगळी, ठरावाखालची वेगळी. प्रोसिडिंग बुकात कोरी जागा सोडून ‘इथं करा, नंतर लिहितो’ म्हणाले तर पेन खाली ठेवा. यात भांडण काही नाही, तो आपला हक्कच आहे.

महत्त्वाच्या ठरावाची नक्कल अर्ज करून घ्या आणि पुढच्या सभेला सोबत न्या. इतिवृत्त वाचून होताच विचारा, पंपाचं काम कुठवर आलं?