'मोबी-डिक' अर्ध्यावर न सोडता कसं वाचावं

देवमाशांच्या शिकारीवरच्या हर्मन मेलव्हिलच्या या कादंबरीत १३५ प्रकरणं आणि शेवटी छोटासा उपसंहार आहे. प्रत घेताना तो उपसंहार आहे ना, हे पाहा. गोष्ट सांगणारा वाचला, हे त्यातच कळतं. १८५१ च्या ऑक्टोबरात लंडनला निघालेल्या पहिल्या आवृत्तीत तो नव्हता. मग समीक्षकांनी विचारलं, जहाजावरचे सगळे बुडाले तर गोष्ट सांगतंय कोण? संक्षिप्त आवृत्ती नकोच. त्यात कात्री आधी देवमाशांवरच्या मजकुरालाच लागते.

सुरुवात ४५ व्या प्रकरणापासून केली तरी चालेल. त्यात 'एसेक्स' जहाजाची खरी हकिकत येते. १८२० मध्ये पॅसिफिकमध्ये स्पर्म व्हेल जातीच्या एका देवमाशाने धडका देऊन ते बुडवलं. २० पैकी ८ जण वाचले. मेलव्हिल स्वतः १८४१ मध्ये देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर खलाशी म्हणून गेला होता.

वाचक बहुतेक गळतात ते ३२ व्यात. कप्तान अहाब २८ व्यात कुठे डेकवर आलेला असतो, आणि लगेच देवमाशांची वर्गवारी सुरू होते. पहिल्या खेपेला ती खुशाल चाळा आणि ३६ व्यात, डोलकाठीवर सोन्याचं नाणं ठोकलं जातं तिथे, गोष्ट पुन्हा पकडा.

६० वं मात्र वगळायचं नाही. त्यात आहे नुसता शिकारीच्या होडीतला दोर: २०० वावांहून (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) लांब, पिंपात वेटोळी करून ठेवलेला. तो होडीच्या मागच्या खुंटाला वळसा घालून, वल्हेकऱ्यांच्या मधून पुढच्या टोकाकडे जातो. हार्पून, म्हणजे या दोराला बांधलेला भाला, लागला की देवमासा दोर खेचत सुटतो; वेटोळ्यात गाठ पडली तर हात, पाय किंवा अख्खा माणूस ओढला जातो. होडी कागदावर काढून दोराची ही वाट एकदा आखाच. १३५ व्यातला सगळ्यात मोठा प्रसंग एका वाक्यात उरकतो. ही वाट डोक्यात नसेल तर काय घडलं ते कळतच नाही.

फेदल्ला या पात्राला मेलव्हिल 'पारशी' म्हणतो. मुंबईचे पारशी डोळ्यांसमोर आणून वाचलंत तर फसाल. हा गूढ अग्निपूजक निव्वळ कल्पनेतला आहे.

मेलव्हिल १८९१ मध्ये वारला तेव्हा पुस्तक जवळपास विस्मृतीत गेलं होतं. नाव झालं ते १९२० नंतर. कॉफीच्या साखळीला 'स्टारबक्स' हे नाव यातल्याच स्टारबक या पहिल्या मेटवरून, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्यावरून, मिळालं.

९६ व्यातली चरबी कढवायची विटांची भट्टी डोळ्यांपुढे येत नसेल, तर १८४१ मध्ये बांधलेल्या 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' जहाजाची छायाचित्रं शोधा. ते अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या मिस्टिकच्या संग्रहालयात जपलेलं आहे.