चिऊचं दार उघडताना

बालवाडीतल्या चार ते सहा वर्षांच्या मुलांना ‘चिडवू नका’ सांगून फारसं कळत नाही. काऊ-चिऊची गोष्ट मात्र पाठ असते. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला काऊ ‘चिऊताई, दार उघड’ म्हणतो, तिथेच थांबा. विचारा, “बाहेर उभ्या काऊला काय वाटत असेल?” उत्तराची घाई करू नका, दहा सेकंदांची शांतता चालते.

मग घर करा. ए-फोर कार्डपेपर मधोमध दुमडा. पुढच्या भागावर ५ सेंमी रुंद, ७ सेंमी उंच दार आखा आणि वरची, खालची व उजवी अशा तीनच बाजू कापा. हे काम मोठ्यांनी आधी करून ठेवावं, कारण मुलं हमखास चौथी बाजूही कापतात आणि दार हातात येतं. दाराआड मुलांनी चिऊ काऊसाठी काय करते ते काढायचं: टॉवेल, गरम भात, अंथरूण. कडांना फेव्हिकॉलचे चारच ठिपके. जास्त झाला तर दार चिकटून बसतं.

दार उघडताना प्रत्येकाने म्हणायचं, “ये, आमच्यात खेळ.” शिवाय “थांब, मला हे आवडत नाही” हे वाक्यही मोठ्याने म्हणवून घ्या. कुणी सतत त्रास देत असेल तर बाईंना सांगणं म्हणजे चुगली नव्हे, हे स्पष्ट सांगा.

वर्गात ज्याला खरोखर चिडवतात, त्याला काऊ कधीच करू नका. त्याचं नावही घेऊ नका. चिडवणाऱ्याशी नंतर, एकट्याशी बोला.