बांधावरची गंजकी पद्मिनी तैलरंगात रंगवताना या चुका टाळा

बांधावर सोडून दिलेल्या प्रीमियर पद्मिनीची बहुतेक चित्रं एकाच जागी फसतात. गाडी जुनी दिसत नाही, नुसती तपकिरी दिसते. सगळ्या चित्रावर पिवळट हात फिरवला की जुना काळ उभा राहतो, ही समजूत त्याच्या मुळाशी असते. खरं तर पत्रा कुठे सडतो, पाणी कुठे साचतं आणि ऊन कुठे सर्वांत जास्त लागतं एवढं कळलं, तरी निम्मं काम होतं.

रेखाटन: इथली चूक पुढे रंगाने झाकत नाही

पद्मिनीची लांबी साधारण ३.९ मीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर २.३४ मीटर. १४ इंची रिमवरचा टायर धरून चाकाचा व्यास होतो ६० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे बाजूने पाहिलं तर दोन चाकांच्या मधल्या जागेत जवळजवळ तीन टायर बसले पाहिजेत. घाईत तिथे दोनच बसतात आणि गाडी खेळण्यातली वाटू लागते. बॉनेटपासून दोन पावलांवर उभं राहून मोबाइलने काढलेला फोटो समोर असेल तर बॉनेट फुगतं, डिकी आक्रसते. फोटो पाच-सहा मीटर मागे जाऊन, थोडा झूम करून काढावा.

तिरप्या कोनातून चाक लंबगोल दिसतं. त्या लंबगोलाचा आखूड अक्ष चाकाच्या आसाच्या रेषेत यायला हवा. रस्त्याच्या उंचीवरून खाली पाहत असाल तर लंबगोल थोडा कलतो. तो सरळ उभाच ठेवला की चाक गाडीतून निखळल्यासारखं दिसतं.

परदेशी फोटोवरून काम करणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. पद्मिनीत ते उजवीकडे असतं आणि गिअरचा दांडाही बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्याच खांबाला असतो. अशा गाडीत पुढच्या सीटांच्या मध्ये दांडा काढू नका. दार उघडं दाखवायचं असेल तर बिजागरी दाराच्या पुढच्या कडेला येते. पुढची दारं मागच्या बाजूने धरलेली असत ती त्याआधीच्या पिढीत, जिला मुंबईकर डुक्कर फियाट म्हणत. नंबरप्लेटचंही तसंच: त्या काळी खासगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पांढरी असत. गावाकडच्या गाडीला काळा-पिवळा टॅक्सीचा रंग दिलात तर ती तिथे का आली हे चित्रातून कळलं पाहिजे.

गंज कुठे, आणि कोणत्या रंगाचा

सगळीकडे सारखाच बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) फासणं ही सर्वांत मोठी चूक. पत्रा खालून आणि सांध्यांतून सडतो: दारांची खालची कड, दारांखालची पट्टी, मडगार्डच्या आतल्या बाजूची चिखल साचणारी कमान, पुढच्या काचेच्या रबराखालची खाच. टप आणि बॉनेट यांना मुख्य मार उन्हाचा. तिथे रंग आधी खडूसारखा फिका पडतो, मग पोपडे धरतो.

पोपडा जवळून पाहा. वर फिका आकाशी रंग, त्याच्या कडेला रेड ऑक्साइड प्रायमरची (रंगाआधी पत्र्यावर देतात त्या थराची) बारीक मातकट-लाल किनार आणि मध्ये उघडा पडलेला, गंजलेला पत्रा. ही किनार चित्रात आली की गंज पत्र्यातून वर आलेला वाटतो. नाहीतर तो वरून लावलेला दिसतो. प्रायमर सपाट आणि एकसारखा असतो, गंज दाणेदार आणि डागाळलेला. प्रायमरला बर्न्ट सिएनात थोडा लाल आणि चिमूटभर पांढरा मिसळून सपाट हात द्या. गंजासाठी तीन छटा पुरतात: खोल भागात बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा), मध्यभागी निव्वळ बर्न्ट सिएना, ताज्या कडांना सिएना आणि यलो ऑकर (मातकट पिवळा). भडक नारिंगी टाळा. ताजा नारिंगी गंज दिसतो तो फक्त पाणी अजून मुरतंय तिथे.

गंजाचे ओघळ बहुतेक जण दाराच्या कडेला समांतर ओढतात. पण एका बाजूचा टायर बसला असेल तर गाडी कलते. पाणी मात्र जमिनीकडे सरळच जातं. त्यामुळे ओघळ कॅनव्हासच्या उभ्या कडेला समांतर आणि दाराच्या कडेशी तिरपे येतात. कलण्याचा भास निम्मा यातूनच तयार होतो. ओघळांसाठी खालचा थर पूर्ण वाळू द्या. मग सिएनात थोडं लिनसीड (जवसाचं तेल) मिसळून पातळ थर लावा आणि कोरड्या चिंधीने वरून खाली एकदाच पुसा. दुसऱ्यांदा पुसलंत तर डाग पसरतो.

बंपरवर राखाडी रंग लावू नका. क्रोममध्ये वर आकाश, खाली जमीन आणि मध्ये क्षितिजाची गडद रेघ दिसते. त्यावर गंज बारीक ठिपक्यांनी फुटतो, पट्ट्याने नाही. धुळीची काच निळी नसते, मातकट आणि अपारदर्शक असते. टायर तपकिरी होत नाही, करडा पडतो आणि भेगाळतो. तपकिरी होते ती रिम.

गाडी गवतावर तरंगते

कारण साधं असतं: आधी गाडी, मग तिच्या खाली गवताची हिरवी झालर. गवत तीन थरांत हवं: गाडीच्या मागचं, गाडीखालच्या सावलीतलं आणि चाकापुढचं. टायर जमिनीला टेकतो तिथे चित्रातली सर्वांत गडद रेघ पडते, तीही अर्धी गवताने झाकलेली. चाकाची खालची कड पूर्ण दाखवायचा मोह आवरा.

हंगाम एकच ठरवा. श्रावणातलं पोपटी गवत आणि चैत्रातलं पिवळं ऊन एका चित्रात चालत नाही. देशावर पावसाळा सरताना कुसळी गवत पिकून तांबूस-पिवळं पडतं. गंजाशी त्याचा मेळ बसतो आणि सॅप ग्रीनची गरजही कमी लागते. बॉनेटखाली घाणेरीचं झुडूप, दारातून डोकावणारी रुई एवढं पुरे. प्रत्येक खिडकीतून वेल बाहेर आला की चित्र सजावटीचं होतं.

ओल्या गंजावर हिरवा रंग गेला तर चिखल होणारच. लाल-तपकिरी भाग पूर्ण वाळू द्या. पातळ थराला चार-पाच दिवस, कोकणातल्या पावसाळ्यात त्याहून बरेच जास्त.

रंगच दगा देतो तेव्हा

*काही भाग निस्तेज पडले:* अंबरमध्ये तेल शोषलं जातं, म्हणून असं होतं. वाळलेल्या भागावर लिनसीड आणि टर्पेंटाइन (रंग पातळ करायचा द्रव) समप्रमाणात घेऊन अगदी पातळ पुसा, जादा तेल कापडाने टिपा आणि मग काम पुढे न्या.

*तडे गेले:* जास्त तेलाच्या किंवा हळू वाळणाऱ्या थरावर पातळ, लवकर वाळणारा थर आला असेल. चाकाच्या कमानीत आयव्हरी ब्लॅक जाड लावून त्यावर अंबर फिरवणं हे याचं नेहमीचं उदाहरण. काळा संथ वाळतो, अंबर चटकन. कमानीसाठी अंबर आणि अल्ट्रामरीन एकत्र वापरा, कमान काळं भोक पाडल्यासारखीही दिसणार नाही. पहिला थर फक्त टर्पेंटाइनमध्ये, मधला दोन भाग टर्पेंटाइन आणि एक भाग लिनसीड, शेवटचा समप्रमाणात. निव्वळ झिंक व्हाइटचे जाड थर नकोत, ते पुढे ठिसूळ होतात.

*पृष्ठभाग सुरकुतला:* तेल जास्त झालं. वरची साय वाळते, खालचं ओलंच राहतं. यावर वरून काही लावून उपयोग नाही. तो भाग पॅलेट नाइफने (रंगकामाच्या बोथट पात्याने) खरवडून पुन्हा करावा लागतो.

अखेरचं व्हार्निश पातळ कामाला सहा महिन्यांनी, पॅलेट नाइफने जाड रंग दिला असेल तर वर्षभराने. प्रदर्शनाची घाई असेल तर रिटच व्हार्निश (पातळ, तात्पुरतं व्हार्निश) चालतं. आणि लिनसीडने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या मोकळ्या पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.