बारा काड्यांची चाळण: आयर्लंडमधली ५ जानेवारीची रात्र

ख्रिसमसचा बारावा दिवस ६ जानेवारीला येतो. आदल्या संध्याकाळी चाळणीत ओट भरून कडेने बारा आणि मधोमध एक मोठी मेणबत्ती लावत, येशू आणि त्याच्या बारा शिष्यांसाठी. आयर्लंडच्या वेस्टमीथ परगण्यातली ही रीत सर हेन्री पियर्स यांनी १६८२ मध्ये नोंदवली आहे. अनेक घरांत मेणबत्तीच्या जागी चरबीत भिजवलेल्या लव्हाळ्याच्या काड्या असत. खरी मेहनत या काड्यांचीच.

लव्हाळा पूर्ण वाढलेला पण हिरवा असताना, उन्हाळ्याच्या शेवटी कापावा आणि लगेच पाण्यात टाकावा. सुकला की साल निघत नाही. सोलताना सालीची एक बारीक पट्टी टोकापासून बुंध्यापर्यंत राहू द्यायची. आतल्या भेंडाला आधार तेवढाच. सगळी साल निघाली तर काडी मोडते, जास्त राहिली तर चरबी आत मुरत नाही आणि काडी मध्येच विझते. सोललेल्या काड्या काही रात्री दवात ठेवून मग उन्हात खडखडीत वाळवाव्यात.

मेंढीची चरबी लांबट भांड्यात मंद आचेवर वितळवा. धूर निघू लागला म्हणजे आच जास्त झाली. काडी सावकाश चरबीतून ओढून घ्या आणि झाडाच्या सालीवर आडवी ठेवून गोठू द्या. चरबीत थोडं मधमाश्यांचं मेण घातलं तर काडी टणक होते, बोटांना चिकटत नाही.

काड्या अगदी एका मापाच्या कापा, कारण प्रत्येक काडी घरातल्या एकेकाच्या नावाची असते आणि ज्या क्रमाने त्या विझतील त्याच क्रमाने माणसं जातील, अशी समजूत. आखूड काडी आजोबांच्या नावावर गेली की संध्याकाळ नासलीच! दाराजवळची काडी वाऱ्याने भराभर जळते, तेव्हा आधी दार लावून घ्या.

काडी थोडी तिरकी रोवा. अगदी सरळ उभी केली तर ज्योत बारीक होत जाते. ओटात रोवली तर तळाशी पोहोचण्याआधी विझवावी लागते, म्हणजे भाकिताचा खेळच मोडला. म्हणून काही घरांत ओल्या शेणाचा पो वापरत. त्यात काडी आपोआप विझते, खाली काही पेटत नाही.

त्या रात्री पाण्याची वाइन, लव्हाळ्याचं रेशीम आणि खडीचं सोनं होतं म्हणतात. बघायला मात्र कोणी जायचं नाही. जो डोकावेल त्याचं काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी, विशेषतः कॉर्क आणि केरी परगण्यांत, बायकांचा ख्रिसमस. चूल पुरुषांकडे.