उसातल्या उंदरांना औषध घालण्याआधी

सोयाबीन निघालं, भुईमुगाची काढणी उरकत आली की वाळवा, पलूस, कराडकडचे उंदीर उभ्या आडसाली उसात शिरतात. बांधाला, पाटाच्या कडेला ताज्या मातीचे ढीग दिसायला लागतात. मग झिंक फॉस्फाईड हे उंदरांचं विष आणून त्याच दिवशी भरड्यात कालवून टाकायची घाई होते. तेवढी घाई करू नका.

उंदीर नवं खाणं आधी किंचितच चाखतो. विष कमी पडून तो वाचला, की त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही. आजारी पडल्याचा दोष तो आवाजावर किंवा उजेडावर नाही, चवीवर ठेवतो. गार्सिया आणि कोलिंग या संशोधकांनी 1966 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं होतं.

म्हणून संध्याकाळी सगळी बिळं बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू बिळं. त्यांत दोन-तीन दिवस नुसता ज्वारीचा किंवा मक्याचा भरडा तेल लावून ठेवा. उंदीर निर्धास्त झाले की तोच भरडा आणि तेच तेल घेऊन आमिष करा: 96 भाग भरडा, 2 भाग तेल, 2 भाग झिंक फॉस्फाईड. 10 ग्रॅमची पुडी बिळात खोल सारून तोंड बुजवा.

एक दिवस औषधाचं, एक दिवस साधं, परत औषधाचं, असं मात्र अजिबात करू नका. सायमंड्स आणि हॉल या संशोधकांच्या 1995 च्या प्रयोगांत मिळत्याजुळत्या चवी आलटून-पालटून दिलेल्या उंदरांना त्यांतला फरक जास्त चांगला कळला; एक चव सलग देऊन मग दुसरी दिली, तेव्हा तेवढा कळला नाही. प्रयोग पिंजऱ्यातला असला, तरी माझ्या मते शिवारातही आलटापालट म्हणजे उंदराची फुकट शिकवणीच.

उरलेल्या उंदरांना लगेच झिंक फॉस्फाईड नको. नुसतं तेल बदलून ते फसत नाहीत. धान्यही बदला आणि 0.005 टक्के ब्रोमॅडिओलोन हे दुसरं विष वापरा. त्याचा परिणाम काही दिवसांनी होतो, त्यामुळे खाल्लेल्या चवीचा संशय उंदराला येत नाही.

झिंक फॉस्फाईडला ओल लागली की विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. पाऊस असेल तर थांबा. हातमोजे घालून, उघड्यावर, काठीनंच कालवा. कुत्री-कोंबड्या बांधून, कोंडून ठेवा, मेलेले उंदीर खोल पुरा. आणि शेजाऱ्यालाही त्याच दिवशी औषध घालायला सांगा, नाहीतर त्याच्या बांधावरचे उंदीर आठवड्यात तुमच्या सरीत येतील.