नेम चुकतोय? आधी रेटिकल बघा: एअर रायफलवाल्यांनो, या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात रेंजवर एक मुलगा रायफलला नवा स्कोप (दुर्बीण) लावून आला. डोकावून पाहिलं तर आतलं रेटिकल (नेम धरायच्या रेघा) म्हणजे रेघांचं नुसतं झाड. खाली खाली रुंद होत गेलेले ठिपके, आकडे, मधोमध लाल दिवा. "काका, दुकानदार म्हणाला स्नायपरचा आहे." असेलही. हा मात्र मारणार होता १० मीटरवर, स्प्रिंगच्या .१७७ (४.५ मिमी छर्र्याच्या) रायफलने. दहा छर्रे मारले, ग्रुप (कार्डावरच्या भोकांचा पुंजका) फाटला आणि शिव्या रायफलला पडल्या.

रेघा जास्त म्हणजे नेम चांगला, हा गैरसमज महागात पडतो. ते झाड ज्याला दर खेपेला वेगळं अंतर आणि वेगळा वारा मिळतो त्याच्यासाठी. एकाच अंतरावर कागदावर मारायचं असेल तर मध्ये बारीक ठिपका किंवा बारीक क्रॉस पुरतो. बारीक म्हणजे किती? एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग: १०० मीटरवर १० सेंमी, १० मीटरवर १ सेंमी. रेघ ०.०५ मिल जाडीची असेल तर १० मीटरवर ती अर्धा मिलिमीटर झाकते. एअर रायफलच्या कार्डावरचा दहाचा ठिपका नेमका ०.५ मिमीचा असतो. याहून जाड रेघ घेतली की दहा दिसणारच नाही. उलट संध्याकाळी झाडाखाली डबे पाडायचे असतील तर हीच बारीक रेघ सावलीत हरवते. तिथे बाहेरून जाड आणि मध्ये बारीक होणारं साधं ड्युप्लेक्स बरं. दिवा असलाच तर सगळ्यात मंद ठेवा, नाहीतर लाल झळाळीत टार्गेटच दिसत नाही.

एक गोष्ट पालकांसाठी. मुलाला स्पर्धेत उतरवायचं असेल तर स्कोप घेऊच नका. १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर थ्री पोझिशन्स हे प्रकार पीप साइटचे (बारीक भोकातून नेम धरायचे), दुर्बीण चालत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं, तेही स्कोपशिवाय.

आता मिलडॉटवाल्यांची (रेघेवर एकेका मिलवर ठिपके असलेल्या रेटिकलवाल्यांची) नेहमीची तक्रार: "काल एक ठिपका खाली धरून बरोबर लागत होतं, आज वर जातंय." मी आधी झूमची रिंग बघतो. स्वस्त स्कोपमध्ये रेटिकल बहुतेक वेळा दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असतं. झूम बदलला की टार्गेट लहानमोठं होतं, ठिपके मात्र तेवढेच राहतात. ३-९ च्या स्कोपमध्ये ठिपके ९ वर खरे असतील, तर ३ वर दोन ठिपक्यांमधलं अंतर ३ मिल होतं. २५ मीटरवर अडीच सेंमीच्या जागी साडेसात! नेम धरायचा झूम एकच ठरवा आणि रिंगवर पांढऱ्या पेंटची खूण करा. पहिल्या फोकल प्लेनच्या स्कोपला ही अडचण नाही, तिथे ठिपकेही झूमबरोबर लहानमोठे होतात, पण कमी झूमवर त्याच्या रेघा कोळ्याच्या जाळ्यासारख्या होतात.

जवळ मारताना छर्रा खाली का लागतो, हेही नेहमीचं कोडं. स्कोप नळीच्या चार-पाच सेंमी वर बसलेला असतो. मध्यम ताकदीची रायफल २५ मीटरला झिरो केली (तिथे नेम जुळवला) तर ५ मीटरवर छर्रा दोनेक सेंमी खाली लागतो. ३५ मीटरवर पुन्हा खाली, यावेळी पाच-सहा सेंमी. म्हणजे जवळही आणि लांबही नेम वर धरायचा. कुठे किती ते स्वतः कागदावर मारून लिहून काढा. काडतुसाच्या हिशोबाने आखलेलं बीडीसी रेटिकल (गोळी कुठल्या अंतरावर किती खाली जाईल ते दाखवणारं) छर्र्याला काहीच सांगत नाही. त्या मुलाचं तसलंच होतं.

क्लिकचा घोळ वेगळाच. टरेटवर (नेम सरकवायला फिरवायच्या स्कोपवरच्या बटणावर) 'एक क्लिक = १/४ इंच, १०० यार्ड' असं असतं. १० मीटरवर हे भरतं जेमतेम ०.७ मिमी. ग्रुप दोन सेंमी सरकवायला २८-२९ क्लिक लागतात. लोक चार फिरवतात आणि "स्कोप बिघडला" म्हणतात. त्यात रेटिकल मिलमध्ये आणि टरेट एमओएमध्ये (१०० यार्डांवर साधारण एक इंच भरणारं माप) असेल तर प्रत्येक दुरुस्तीला गुणाकार आलाच. घेतानाच दोन्ही एका मापाचे घ्या.

सगळ्यात फसवी गोष्ट पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की क्रॉस टार्गेटवर सरकलेला दिसणं. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवा, हात काढा आणि डोकं जरा डावीउजवीकडे हलवा. क्रॉस कार्डावर चालायला लागला तर रोग सापडला. मोठ्या रायफलींच्या बऱ्याच स्कोपचा फोकस १०० यार्डांवर पक्का केलेला असतो. १० मीटरवर त्यात चित्र धूसर दिसतं आणि गाल जरा सरकला की सेंटीमीटरभर चूक सहज होते. १० मीटरपर्यंत फोकस उतरणारा, पुढच्या भिंगाची रिंग फिरणारा स्कोप घ्या. डोळ्याजवळची रिंग मात्र रेघांच्या स्पष्टपणासाठी असते. ती पांढऱ्या भिंतीकडे बघून लावायची, तीही क्षणभर डोकावून. टक लावलंत तर डोळा स्वतःच जुळवून घेतो.

एवढं करूनही ग्रुप फाटत असेल तर रेटिकलला सोडा आणि माउंटचे (स्कोप धरणाऱ्या कड्यांचे) स्क्रू बघा. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे धक्का देते, त्यात स्कोप हळूहळू सरकतो. त्या मुलाचा स्कोप रेलवर अर्धा बोटभर मागे गेला होता.