विद्यापीठाचं झूलॉजी म्युझियम मुलांना दाखवायचंय? मग आधी एवढं करा

सोसायटीतली पोरं घेऊन पुणे विद्यापीठात झूलॉजीचं म्युझियम बघायला जायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी लिहितेय. पहिलं काम परवानगीचं. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयासारखं तिकीट काढलं आणि शिरलं असं इथे नसतं, असा संग्रह मुळात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ठेवलेला असतो आणि शेजारच्याच खोलीत कुणाचं तरी प्रॅक्टिकल चालू असतं. म्हणून विभागप्रमुखांच्या नावानं साधं पत्र द्या, किती जण, कितवीतली मुलं, कुठला वार सोयीचा, आणि दाखवायला सोबत कुणी मिळेल का हे आवर्जून विचारा. परीक्षेचे दिवस टाळा. मुलं थोडीच न्या, कपाटाच्या काचेपुढे गर्दी झाली की मागच्याला फक्त पुढच्याचं डोकं दिसतं. विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकला वेळ धरा, आणि गेटपासून आत बरंच चालायचंय म्हणून चपला-बूट नीट हवेत, पाणी हवं.

आता मुलांची तयारी, आणि हे आदल्या दिवशी घरीच करा प्लीज. कुणीतरी विचारणारच की हे सगळे प्राणी मारून बाटलीत भरलेत का? खरं ते सांगा. पूर्वी बरेचसे अभ्यासासाठी पकडलेले असायचे, काही मेलेले सापडलेले असायचे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि वाट्टेल तो प्राणी पकडून आणणं बंद झालं, पुढे 2014 मध्ये यूजीसीनंही, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, झूलॉजीच्या अभ्यासक्रमात प्राण्यांची चिरफाड थांबवायला सांगितलं. म्हणजे कपाटात आहे ते जपणं आणखीच महत्त्वाचं झालं, कारण तो नमुना फुटला तर बदली दुसरा आणता येईलच असं नाही. एवढं कळलेलं मूल काचेवर टकटक करत नाही, असा माझा विश्वास आहे.

रंगांबद्दलही आधीच बोला. प्राण्याचं शरीर कुजू नये म्हणून आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात आणि मग बहुतेक वेळा 70 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलमध्ये ठेवतात, त्यात रंग हळूहळू उडतात, हिरवा बेडूकही फिकट पिवळट दिसतो. पोरांना वाटतं सगळे प्राणी एकाच रंगाचे! म्हणून रंग सोडून आकार बघायला शिकवा. साप ठेवलेले असतील तर मण्यार आणि कवड्या शोधा, आपल्याकडे दोन्ही घरात शिरतात आणि लोक हमखास घोटाळा करतात, पैकी मण्यार जहाल विषारी, कवड्या बिनविषारी. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, पण बाटलीत पट्टे नीट दिसले नाहीत तरी मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते ती दिसते. (हे काचेआडच तपासायचं, घरात साप निघाला तर लांब उभं राहून सर्पमित्राला फोन, हेही त्याच दमात सांगा.) देवगांडूळ असेल तर तिथे जरा थांबा. ना पाय, अंगावर वळ्या, दिसायला अगदी गांडूळ, आणि प्राणी मात्र बेडकाच्या नात्यातला, आपल्या सह्याद्रीतही सापडतो.

बॅगेत वही आणि पेन्सिल, एवढंच. चित्र काढायला लागलं की मूल एका बाटलीपुढे दहा मिनिटं उभं राहतं, नुसतं फिरताना दोन सेकंदही नाही. प्रत्येकाला एक लेबल पूर्ण उतरवून घ्यायला सांगा, नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारा, यातलं जे असेल ते. मला विचाराल तर लेबल हा म्युझियमचा जीव आहे, कारण अमुक प्राणी अमुक साली इथे होता याचा तो पुरावा असतो, आणि ज्या ओढ्याकाठचा तो बेडूक आहे तिथे आज कदाचित आपलीच सोसायटी उभी असेल. ठिकाण आणि तारीख नसलेला नमुना शिकवायला चालतो, संशोधनाला फारसा कामाचा नाही.

फोटोंचं आधी विचारा, हो म्हणाले तर फ्लॅश बंद आणि फोन हलकेच काचेला टेकवून काढा म्हणजे ट्यूबलाइट उमटत नाही. पेंढा भरलेल्या प्राण्यांना मात्र हात लावायचाच नाही, उघड्यावर ठेवलेले असले तरी, जुन्या काळी कातडीला कीड लागू नये म्हणून आर्सेनिक हे विष वापरायचे. डबा बाहेर आल्यावर, तोही हात साबणानं धुऊन. फॉर्मॅलिन आणि डांबरगोळ्यांच्या वासानं कुणाचं डोकं दुखू शकतं, दम्याचा त्रास असलेल्या मुलाच्या आईबाबांशी आधीच बोलून ठेवा आणि मधे एकदा सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा. आणि ज्या प्रश्नांची उत्तरं तिथे मिळाली नाहीत ते मुलांच्याच अक्षरात एका कागदावर लिहून विभागात देऊन या.